गॅसच्या नळीवर साल छापलेलं, गाडीच्या नळीवर काहीच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येऊरच्या आणि पाम बीच रोडवर रात्री-अपरात्री धावणाऱ्या कर्कश गाड्यांच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडतानाचे फोटोही येतात. उपवनच्या बाजूला राहणाऱ्या माझ्यासारख्याला ते बघून बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. पण माझं गाऱ्हाणं गाडीच्या मागच्या नळीचं नाही. पुढच्या नळीचं आहे. बॉनेटखाली एअर फिल्टरच्या डब्यापासून इंजिनाच्या तोंडापर्यंत हवा नेणारी जी हातभर रबरी नळी असते, तिचं. तिच्याकडे ना पोलिसांचं लक्ष, ना मालकाचं. पत्र जरा लांबेल, जागेप्रमाणे कात्री लावावी.

मी चौतीस वर्षं रबरी नळ्या बनवल्या. आधी वागळे इस्टेटमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, पुढे कंपनी रबाळ्याला हलली तेव्हा विटाव्याच्या पुलाखालून रोज जाऊन-येऊन. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी सोसायटीत अजून ‘नळीवाले काका’ हीच ओळख आहे. कुणाचा गिझर गळला तरी मलाच बोलावतात.

धाकट्या बहिणीचा मुलगा घणसोलीला असतो. गेल्या वर्षी त्याने सेकंडहँड स्पोर्ट्‌स कार घेतली. दोन दारं, दोन सीटा, दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, वय बारा वर्षं. बसायला इतकी खाली की उतरताना मला कुणीतरी हात द्यावा लागतो. बहिणीने फोनवर एवढंच विचारलं, “दादा, यात मी बसायचं कुठे?” गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. बारा वर्षांत रबर म्हातारं होतं, त्यात कंपनीचा काय दोष?

दिवाळीच्या सुमारास गाडी सिग्नलला थरथरायला लागली. मिसिंग मारायची, मग चेक इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी-०१७१ असा कोड आला. हवा जास्त, पेट्रोल कमी, असा त्याचा अर्थ. सेन्सर गेलाय, अठरा हजार लागतील, असं त्याने सांगितलं. भाचा पैसे भरायच्या बेतात होता, तेवढ्यात बहिणीने त्याला माझ्याकडे पिटाळलं.

मी बॉनेट उघडायला लावलं आणि नळीच्या मधल्या भात्यावर अंगठा फिरवला. भाता म्हणतो मी त्याला. लोहाराच्या भात्यासारख्या घड्या असतात तिथे. वरून नळी झकास काळीभोर दिसत होती. घडी दोन्ही हातांनी उलगडली, तर खाचेच्या तळाशी बारीक बारीक भेगा, एकीशेजारी एक, उन्हाळ्यातल्या शेतासारख्या. त्यातली एक आरपार गेलेली. नख आत शिरलं.

या भेगा ओझोनच्या. हवेत ओझोन अगदी किंचित असतो, पण ताणलेल्या रबराला तेवढाही पुरतो. आमच्या प्रयोगशाळेत पट्टी वीस टक्के ताणून चाळीस अंशांच्या पेटीत ठेवायचे आणि हवेच्या दहा कोटी भागांत ओझोनचे फक्त पन्नास भाग सोडायचे. कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, कच्चं असेल तर तीन दिवसांत पट्टीवर रेघा उमटत. रबरातल्या कार्बनच्या साखळीत जिथे दुहेरी बंध असतो, तिथे ओझोन तिला तोडतो. भात्याची घडी कायम ताणात असते, म्हणून भेग तिथेच पहिली पडते.

आता या भेगेने सेन्सरचं नाव का बद्दू व्हावं, ते सांगतो. आत येणारी हवा मोजायला फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी एक तापलेली तार असते. हवा जितकी जास्त, तितकी तार गार पडते. ती तापती ठेवायला किती वीज लागली त्यावरून संगणक हवेचं वजन काढतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरमागे नऊ हजार लिटरच्या आसपास. तारेच्या पुढे नळी फाटली की न मोजलेली हवा मागच्या दाराने आत. संगणकाला तिचा पत्ता नसतो. धुराड्यातला दुसरा सेन्सर बोंब मारतो, “पेट्रोल कमी पडतंय”, मग संगणक पेट्रोल वाढवत राहतो. भाच्याच्या गाडीत त्याने बावीस टक्के जास्त घालायला घेतलं होतं. शेवटी हात टेकले आणि दिवा लावला. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता.

नळी बदलायची ठरलं. मूळ नळी परदेशातून यायला दोन महिने म्हणाले. भाच्याने तोवर मोबाइलवर निळी झळझळीत ‘सिलिकॉन, चार प्लाय, २०० अंशांपर्यंत’ अशी नळी ३,८०० रुपयांत मागवलीही होती. प्लाय म्हणजे आतल्या कापडाचा थर. वर लिहिलेलं, ‘दहा हॉर्सपॉवर जास्त’. मी म्हटलं, “अरे, नळी आहे की घोड्यांचा तबेला?” मामाचा विनोद म्हणून तो कसनुसा हसला.

पार्सल आलं. हातात घेतल्याबरोबर मला शंका आली. सिलिकॉनला एक स्पर्श असतो, जरासा कोरडा, पिठूळ. ही चिकट. दोन बोटांनी दाबली तर पार पोटात गेली. टोकाकडून ब्लेडने बोटभर रुंदीची कडी कापली, तेव्हा कापडाचा एकच थर दिसला आणि निळा रंग फक्त वरवर, आत काळं. कारखान्यातला सिलिकॉनचा एक नमुना माझ्या खणात अजून आहे. चिमट्यात आधी तो धरला आणि गॅसवर नेला. संथ जळला, पांढुरका धूर निघाला आणि मागे उरली पांढरी भुकटी, चिमटीत धरली तर रांगोळीच. असणारच, सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि प्राणवायू यांचा सांगाडा तो. जळून शेवटी वाळूच्या कुळातलंच काहीतरी उरतं. मग ती निळी कडी धरली. भसकन पेटली, काळ्या धुराच्या जाळ्या ओट्यावर तरंगायला लागल्या आणि वर धरलेल्या स्टीलच्या वाटीचा तळ काजळीने माखला. काजळ घालायचं होतं की काय कुणाला! आतून आवाज आला, “अहो, काय जाळताय तिथे? घरभर वास सुटलाय, मला कुकर लावायचाय.”

मी घाईघाईने गॅस बंद केला, आणि तेव्हाच शेगडीमागची नारिंगी नळी नजरेला पडली. दोनशे रुपयांच्या आतबाहेरची वस्तू. तिच्यावर आयएसआयचा शिक्का, आयएस ९५७३ हा मानक क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव, साल, सगळं वीतभर अंतरावर पुन्हा पुन्हा छापलेलं. पाच वर्षं झाली की गॅसवाला ती बदलायला सांगतो. आणि खाली डोंबिवली ते वाशी कुठेही बसवून मिळेल अशा त्या निळ्या नळीवर? एका चित्त्याचं चित्र. बस.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. नळी कापलेली असल्याने परत घेता येणार नाही, असं उत्तर आलं. बरोबरच आहे, न कापता मला आतलं कापड दिसायला मी काय एक्स-रे मशीन आहे? ३,८०० गेले. दुकानाचं नाव छापायला देत नाही. तशी पन्नास दुकानं असतील.

यावर कुणी म्हणेल, हवाच तर जाते, फाटली तर फाटली. पण दोन लिटरचं इंजिन सहा हजार फेऱ्यांवर मिनिटाला सहा हजार लिटरपर्यंत हवा ओढतं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी दहा सेकंदांत रिकामी व्हावी, तेवढी. असल्या ओढीला बॉनेटखालच्या उष्णतेत मऊ पडलेली एक प्लायची नळी आत खेचली जाते, स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक ओढताना स्ट्रॉ चपटा होतो तशी. मुलुंड टोलनाक्याजवळ तिसऱ्या लेनमध्ये ओव्हरटेक करताना गाडीचा दम गेला, तर मागचा ट्रक ‘मटेरियल काय होतं’ विचारायला थांबत नाही.

दुसरी नळी ओळखीतून शोधली. ६,४०० पडले. खरं सिलिकॉन, खरे चार थर, आणि आतून कापडाच्या विणीची पुसटशी नक्षी. ही नळी अजून हातानेच बनते. सिलिकॉन चोपडलेलं पॉलिएस्टरचं कापड पोलादी साच्यावर थरावर थर गुंडाळायचं, वरून ओल्या नायलॉनच्या पट्टीने करकचून आवळायचं, वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या कुकरसारख्या बंद टाकीत, शिजवायचं, मग पट्टी सोडून नळी साच्यावरून ओढून काढायची. वाकडी नळी साच्यावरून ओढणं म्हणजे झोपलेल्या पोराच्या पायातून ओले बूट काढण्यासारखं. आमच्याकडे त्याला दोन धट्टेकट्टे गडी लागत.

इथे भाच्याचा आणि माझा वाद झाला. त्याला सरळसोट नळी हवी होती, घड्या नकोत आणि नळीच्या बाजूला जोडलेली पोकळ डबीही नको. त्या डबीचं काम कुणाला ठाऊक नसतं, म्हणून लोक ती काढून बूच मारतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर घुमतो ना, तीच गंमत. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्‌झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ती मांडली. डबीचं माप असं घेतलेलं असतं, की हवा ओढतानाचा घूं आवाज ती गिळते. ती काढली की आवाज वाढतो आणि ड्रायव्हरला वाटतं ताकद वाढली. घड्याही फुकट नसतात. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर डुलतं, फिल्टरचा डबा मात्र बॉडीला पक्का. मधल्या नळीने लवायला नको? मी म्हटलं, “एक तरी घडी पाहिजे आणि डबी राहणार, नाहीतर मी हात लावणार नाही.” तो दोन दिवस फोनला फटकून होता. मग आला.

रविवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये काम काढलं. वॉचमन, दोन शाळकरी मुलं आणि ‘याचं ॲव्हरेज किती’ विचारणारे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, असे प्रेक्षक. इंजिन रात्रभर गार पडलेलं. बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी केली, सेन्सरचा प्लग काढला, ब्रीदरची बारीक नळी सोडवली. क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली, तेलकट वाफ त्या नळीतून परत आत येते. जुन्या क्लिपांचे आटे गंजलेले. सात नंबरच्या गोटी पान्याने एक सुटली, दुसरीला करवत लागली. नळी निघताच इंजिनाच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं आणि त्याला लाल नाडी बांधून ती स्टिअरिंगला अडकवली. हसू नका. फडकं आत विसरून गाडी चालू केलेली मी पाहिली आहे.

एवढी काळजी घेऊनही भाच्याच्या हातून स्क्रू निसटला. टण्ण, टण्ण आणि शांतता. वीस मिनिटं गेली. शेवटी स्पीकरमधलं लोहचुंबक काठीला बांधून खालच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावरून बाहेर काढला.

नवी नळी चढवायला तेल-ग्रीस लावू नये, साबणाचं पाणी लावावं. ते वाळून जातं आणि नळी मागाहून सटकत नाही. क्लिपांचं तर वेगळंच. बाजारात मिळणाऱ्या साध्या जुबली क्लिपेला, म्हणजे स्क्रूने आवळायच्या पत्र्याच्या पट्टीला, चिरा असतात. सिलिकॉन मऊ, आणि रबरापेक्षा लवकर फाटणारं. क्लिप आवळली की ते त्या चिरांतून शेवेच्या सोऱ्यातून पीठ यावं तसं वर येतं, आणि तिथूनच कापलं जातं. आतून गुळगुळीत पट्टी असलेल्या क्लिपा वेगळ्या मिळतात, पन्नास-साठ रुपये जास्त. त्या घेतल्या. आवळतानाही मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. जाता जाता एक सांगून ठेवतो, पेट्रोलच्या लायनीला कुणी हौसेने सिलिकॉनची नळी लावू नये. पेट्रोलने ती फुगते आणि झिरपते. हवेची नळी वेगळी, इंधनाची वेगळी.

गाडी चालू केली. मिनिटभर अडखळली, मग स्थिर झाली. दिवा मिटवला तो परत आला नाही. आठवड्याने स्कॅनर लावला, बावीस टक्क्यांचे तीन टक्के झाले होते. गॅरेजवाल्याचे अठरा हजार वाचले, ते भाचा मला अजून ऐकवतो. दहा हॉर्सपॉवरचं म्हणाल, तर मला एकही दिसला नाही. गेलेले परत आले एवढंच. आवाज किंचित घोगरा झाला, तेवढ्यावर तो खूश आहे. फिल्टरचा डबा काढून उघडा शंकूसारखा फिल्टर लावायचं त्याच्या मनात अजून घोळतंय. मे महिन्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर अडकलं की बॉनेटखाली साठ अंश सहज होतात, आणि तीस अंशांच्या हवेपेक्षा साठ अंशांची हवा नऊ टक्के पातळ असते. पैसे देऊन ताकद घालवायची. काही जण नळी लांबवून फिल्टर खाली बंपरमागे नेतात, गार हवा मिळते म्हणून. त्यांनी २६ जुलै २००५ आठवावी, किंवा विटाव्याच्या पुलाखालची कुठलीही जुलै. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या विम्यात ते सहसा बसत नाही.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये विनापरवानगी बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही आहे. पण कलम ५२च्याच स्पष्टीकरणात बदल म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य पालटेल असा रचनेतला फेरफार, असं म्हटलंय. फाटलेल्या नळीच्या जागी त्याच मापाची, डबी शाबूत ठेवून घातलेली नळी त्यात येऊ नये, असं मला वाटतं. मी वकील नाही. नाक्यावर बॉनेट उघडून नळीचा रंग बघणारा हवालदारही वकील नाही. त्याला रंग दिसतो, माल दिसत नाही. उद्या त्याने माझ्या भाच्याला अडवलं आणि खोट्या मालाची नळी बसवलेल्या दुसऱ्या गाडीला सोडलं, तर मी त्याला काय दोष देऊ? नळीवर वाचायला काही असेल तर ना!

म्हणून मागणी एवढीच आहे. गाडीला लागणारी कुठलीही नळी विकताना तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, कशापासून बनली, किती थर, किती अंशांपर्यंत चालेल आणि महिना-साल न पुसणाऱ्या शाईत छापणं भारतीय मानक ब्यूरोने सक्तीचं करावं. आमच्या कारखान्यात छपाईचा तो रबरी रूळ फिरवायला एका नळीला चार सेकंद लागायचे. खर्चाचं कारण कुणी सांगू नये. चित्ता छापायला जागा होतीच की.

सिलिकॉन क्लिपेखाली दबून थोडं बसतं, त्यामुळे दोनेकशे किलोमीटरनंतर क्लिपा एकदा परत आवळाव्या लागतात. भाचा त्यासाठी येत्या रविवारी येतोय. उरलेली निळी नळी मी टाकलेली नाही. बायकोने तिच्यात बाल्कनीतला मनी प्लांट सोडलाय.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे (पश्चिम)

(नाव व पत्ता आपल्याकडे आहे. कृपया छापू नये, पार्किंगमध्ये रांग लागेल.)